पुतणी कॅथलिक विद्यापीठात पीएचडीला चाललीय. चर्च तिच्या लिखाणात हात घालेल का?

सावदेकर काका

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं केळीचा भाव आणि करप्याची फवारणी सोडून कशात तोंड घालत नाही. पण हा प्रश्न आठ दिवस घरात गाजतोय आणि सावद्यात विचारावं असं कोणी सापडेना.

धाकट्या भावाची थोरली मुलगी पुण्याहून तत्त्वज्ञानात एम.ए. झाली. (तत्त्वज्ञान नको, बी.एड. कर, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं होतं.) मधली एक उन्हाळ्याची सुट्टी तिनं अमळनेरला काढली, प्रताप शेठजींनी १९१६ साली उभ्या केलेल्या तत्त्वज्ञान मंदिराच्या ग्रंथालयात. तेव्हापासून पोरगी हातची गेली म्हणा. आता बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात तिची पीएचडीला निवड झालीय, फेलोशिपसकट. पेढे वाटून झाले. मग भावानं पत्र नीट वाचलं तर विद्यापीठाच्या पूर्ण नावात 'कॅथलिक' शब्द निघाला.

तिचा विषय मी तिच्याकडून तीनदा समजून घेतला. हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करून दाखवलं म्हणे. आणि मीमांसक नि बौद्ध पंडित, म्हणजे देवाची गरज नसलेली मंडळी, असल्या पुराव्यांवर भरपूर आक्षेप घेऊन बसलेली होती. ही पोरगी त्या आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहिणार. थोडक्यात, कॅथलिकांच्या घरी पाहुणी जाऊन, त्यांच्याच पैशानं जेवून, देव सिद्ध होत नाही असं त्यांनाच सांगणार.

आमच्या आईची काळजी वेगळी: "तिले तठी बाटवतीन त नई ना रे?" तिला मी समजावलं. भावाचं मात्र मला पटतं. तो म्हणतो, चार वर्षं बाग जीव लावून वाढवायची आणि कापणीच्या दिवशी व्यापाऱ्यानं घड मागं सारायचे, असं नको व्हायला. शेवटी एखादा बिशप म्हणाला की हे आमच्या धर्माविरुद्ध आहे, तर? तसा अधिकार त्यांना असतो का? आणि असला तर तो कुठं लिहिलेला असतो? कुणाला अनुभव असेल तर सांगा. ऐकीव नको.

यार्डमास्तर

काका, आधी अभिनंदन.

मी भुसावळचा, रेल्वे कॉलनीत वाढलेला कॅथलिक. वडील गार्ड होते, मी लोको शेडमधून रिटायर झालो. मधली चार वर्षं, १९८८ ते ९२, मी पुण्यात नगर रोडला सेमिनरीत होतो. फादर व्हायला गेलो होतो, झालो नाही. कारण विचारू नका, बायको हा फोरम वाचते. तेव्हा अनुभव म्हणाल तर अर्धा आहे.

आधी भावाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. तुमच्या पुतणीच्या प्रबंधावर बिशपची सही लागत नाही. आता का लागत नाही ते सांगतो, कारण 'नाही' म्हणून मी गप्प बसलो तर तुम्हाला झोप लागायची नाही.

'कॅथलिक विद्यापीठ' या पाटीखाली दोन वेगळ्या वस्तू विकतात. एक म्हणजे आम्ही पुण्यात शिकलो तसली. ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून उठून पुण्यात आलं. तिथली डिग्री पोपच्या नावानं मिळते. शिकवणारा फादर चर्चकडून परवाना घेऊनच वर्गात उभा राहतो आणि तिथं चर्चचा शब्द चालणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं. दुसरी वस्तू म्हणजे ल्यूव्हेनसारखं भलंमोठं विद्यापीठ. इंजिनियरिंग आहे, मेडिकल आहे, कायदा आहे, आणि एका कोपऱ्यात धर्मशास्त्राची फॅकल्टी. सगळी भांडणं त्या कोपऱ्यात होतात.

नियम कुठं लिहिलाय विचारलंत ना? चर्चच्या कायद्याला कॅनन लॉ म्हणतात, सध्याचा १९८३चा. त्यातलं ८१२ क्रमांकाचं कलम म्हणतं की उच्च शिक्षणसंस्थेत धर्मशास्त्राचे विषय शिकवणाऱ्याकडे चर्चच्या अधिकाऱ्याचा 'मँडेट', म्हणजे परवाना, हवा. नीट वाचा: धर्मशास्त्र, आणि शिकवणारा. तत्त्वज्ञान नाही आणि विद्यार्थी तर मुळीच नाही. पुतणी दोन्ही बाजूंनी सुटली. मग १९९०च्या १५ ऑगस्टला पोप जॉन पॉल दुसरे यांनी फक्त कॅथलिक विद्यापीठांसाठी एक मोठा दस्तऐवज काढला, 'एक्स कोर्दे एक्लेसिए', म्हणजे ख्रिस्तसभेच्या हृदयातून. मी तेव्हा सेमिनरीत होतो. जेवताना एकानं वाचायचं नि बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं अशी पद्धत होती, त्यामुळे तो मी वरणभातासोबत ऐकलेला आहे. त्यात आईंसाठी एक वाक्य आहे: प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखला जाईल. म्हणजे बाटवाबाटवी नाही. बिगर-कॅथलिकांनी संस्थेच्या कॅथलिक असण्याचा मान ठेवावा एवढीच अपेक्षा. प्राध्यापकांना संशोधनाचं स्वातंत्र्यही दिलंय, पण 'सत्य आणि सर्वांचं हित यांच्या मर्यादेत'. आमच्या टेबलावर एक केरळी पोरगा होता, तो इथं चमचा खाली ठेवून हळूच म्हणाला, मर्यादा कोण आखणार? त्याला त्या दिवशी भांडी घासायला लागली. अर्थात तो त्याचा वारच होता, पण आम्ही वर्षभर त्याला त्यावरून चिडवलं.

तर मर्यादा कोण आखतो? मी तीन माणसांची गोष्ट सांगतो. तिघेही धर्मशास्त्रज्ञ, तिघांचाही रोमशी, म्हणजे पोपच्या कारभाराशी, खटका उडाला. आणि तिघांचं पुढं जे झालं ते त्यांनी काय लिहिलं यावरून ठरलंच नाही.

पहिले हान्स क्यूंग, जर्मनीतल्या ट्युबिंगनचे. पोप चुकूच शकत नाही या सिद्धांतावर त्यांनी १९७० साली पुस्तक लिहून प्रश्न उभा केला. १९७९च्या डिसेंबरात, नाताळ आठवड्यावर आला असताना, रोमनं त्यांचा कॅथलिक धर्मशास्त्र शिकवायचा परवाना काढून घेतला. पण ट्युबिंगन सरकारी विद्यापीठ. पगार सरकारचा. विद्यापीठानं त्यांची खुर्ची कॅथलिक फॅकल्टीतून उचलली आणि बाहेर ठेवली. ते १९९६ला निवृत्त होईपर्यंत तिथंच, त्याच गावात शिकवत राहिले, उलट जास्तच गाजले.

दुसरे चार्ल्स करन, वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेत. १९६७ साली विश्वस्तांनी त्यांना काढायचं ठरवलं तर विद्यार्थी आणि प्राध्यापक संपावर गेले, विद्यापीठ ठप्प झालं, विश्वस्तांनी निर्णय मागं घेतला आणि वर बढती दिली. पुढच्याच वर्षी पोप सहाव्या पॉल यांचं संततिनियमनाविरुद्धचं पत्र आलं आणि करननी जाहीर विरोध केला. १९८६ साली रोमहून पत्र आलं, सही कार्डिनल (पोपच्या खालोखालचा दर्जा) रात्सिंगरची, जे पुढं पोप बेनेडिक्ट झाले: हा माणूस कॅथलिक धर्मशास्त्र शिकवायला पात्र नाही. करन कोर्टात गेले. १९८९ साली निकाल विद्यापीठाच्या बाजूनं लागला. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं, या विद्यापीठाचं रोमशी खास नातं आहे हे ठाऊक असून तुम्ही करार केलात. करन शेवटी डॅलसला मेथडिस्ट लोकांच्या विद्यापीठात गेले. कॅथलिकांनी काढलेल्याला प्रोटेस्टंटांनी खुर्ची दिली.

तिसरे जाक द्युप्वी. हे आपल्या जवळचे. बेल्जियमचे जेझुइट, म्हणजे येशूसंघ नावाच्या कॅथलिक संघातले फादर, पण आयुष्याची छत्तीस वर्षं भारतात काढलेली, आधी कुर्सियाँगला आणि मग दिल्लीत. पुण्यात मला शिकवणाऱ्यांपैकी दोघे त्यांच्या हाताखालून आलेले. इथं राहून त्यांना पडलेला प्रश्न आपल्याला रोजचा आहे: शेजारचा वारकरी, समोरचा मुसलमान, यांच्या धर्मांना देवाच्या योजनेत काही जागा आहे की ते सगळे चुकून राहिलेत? रोमला शिकवत असताना १९९७ साली त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. १९९८ला चौकशी सुरू झाली, शिकवणं थांबलं, आणि पंचाहत्तरीतला माणूस प्रश्नांची उत्तरं लिहीत बसला. २००१ साली निर्णय आला. पुस्तकात चूक आहे असं म्हटलं नाही, 'संदिग्धता' आहे म्हटलं. ना संप, ना कोर्ट, ना सरकारी खुर्ची. जेझुइट माणूस, आज्ञापालनाची शपथ घेतलेला. कोर्टात कुणावर जाणार? २००४ साली गेले.

क्यूंगना सरकारनं पगार दिला म्हणून ते राहिले. करनचा करार रोमला बांधलेला होता, ते गेले. द्युप्वींनी स्वतःलाच बांधून घेतलेलं होतं. म्हणून मी पोरांना सांगतो, विद्यापीठाच्या नावात काय आहे ते नंतर बघा, नेमणुकीच्या कागदावर कोणाची सही आहे ते आधी बघा.

ल्यूव्हेनबद्दल तुमच्या भावाला दोन गोष्टी सांगा. १९३८ साली हुसर्ल नावाचा मोठा तत्त्वज्ञ जर्मनीत वारला. जन्मानं ज्यू, त्यामुळे त्याची कागदपत्रं नाझींच्या हाती लागली असती तर संपलीच. व्हान ब्रेडा नावाच्या तरुण फ्रान्सिस्कन फादरनं त्याची चाळीसेक हजार पानं जर्मनीतून बाहेर काढून ल्यूव्हेनला आणली. ती अजून तिथं आहेत, पुतणीच्याच विभागात. आणि जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा माणूस ल्यूव्हेनचा प्राध्यापक आणि गळ्यात पाद्र्याची कॉलर. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात त्याच्या सिद्धांताचा धागा बायबलातल्या उत्पत्तीशी जोडला, तर हाच बाबा नाराज झाला. विज्ञान वेगळं, श्रद्धा वेगळी, कृपा करून मिसळू नका, हे त्यानं रोमपर्यंत पोहोचवलं. पोपनं पुन्हा तसं भाषण केलं नाही.

फारच लांबलं. शेडमध्ये असतो तर एव्हाना दोन इंजिनं निघाली असती.

काळा कोट, धुळे

काका, यार्डमास्तरनी जे सांगं ते बठ्ठं खरं शे. मी वकील, मला सवय आहे, मी दुसऱ्या बाजूनं बघतो.

पोरगी तिकडं शिकून आली आणि इथं एखाद्या मिशनरी कॉलेजात लागली, तर? तेव्हा कॅनन ८१२ कामाला येणार नाही, घटनेचं कलम ३० येईल. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. त्यावरचा मोठा निकाल १९७४चा, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा, नऊ न्यायमूर्तींचा. गुजरात सरकारनं विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करून एक तरतूद घातली होती की प्राध्यापकाला काढायचं तर चौकशी करा आणि कुलगुरूंची मान्यता घ्या. ऐकायला चांगली. झेवियर्सचे जेझुइट म्हणाले, आमच्या घरात कुणाला ठेवायचं ते कुलगुरू ठरवणार का? बहुमतानं कोर्ट म्हणालं, बरोबर आहे, अल्पसंख्याक संस्थांना ही तरतूद लागू नाही.

आता यात गंमत बघा. संस्थेचं स्वातंत्र्य जिंकलं. प्राध्यापकाच्या डोक्यावरचं छप्पर थोडं उडालं. दोन्ही एकाच निकालात. पुढं २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले आणि त्यांनी काढलेल्या माणसाला दाद मागायला जागा हवी हे मान्य केलं, वेगळा न्यायाधिकरण होईपर्यंत जिल्हा न्यायाधीशाकडे अपील. म्हणजे अगदी वाऱ्यावर नाही. पण 'शैक्षणिक स्वातंत्र्य' म्हणताना कोणाचं ते विचारावं लागतं, संस्थेचं का माणसाचं. माझ्याकडं येणारे प्राध्यापक हे दोन्ही एकच समजून येतात आणि मग खुर्चीतच खचतात.

आणि काका, बिशप आणि विद्यापीठ यांच्यात खरी मारामारी देवावरून कमी आणि मालमत्तेवरून जास्त होते, हे वकील म्हणून सांगतो. पेरू देशात लिमाची कॅथलिक युनिव्हर्सिटी आहे, १९१७ची. रिवा-अग्वेरो नावाचा एक श्रीमंत १९४४ साली वारला आणि बरीच इस्टेट विद्यापीठाला देऊन गेला. मृत्युपत्रातल्या कारभाराच्या कलमावरून लिमाचे कार्डिनल आणि विद्यापीठ यांचं वर्षानुवर्षं जुंपलं. २०१२ साली रोमनं जाहीर केलं की यापुढं नावात 'पाँटिफिकल' नि 'कॅथलिक' लावायचं नाही. विद्यापीठानं काय करावं? पाटी तशीच ठेवली! २०१६ साली तडजोड झाली आणि नाव अधिकृतपणे परत मिळालं. आमच्या धुळे कोर्टात वाटणीचे दावे याहून वेगळे नसतात, फक्त तिथं कार्डिनलऐवजी थोरला चुलता असतो.

तापीकाठ

यार्डमास्तर काका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण थोडं खटकलं. मी स्वतः पीएचडी करतेय (कॅथलिक वगैरे नाही, साधं सरकारी विद्यापीठ), म्हणून बोलते.

'तत्त्वज्ञान सुटलं, धर्मशास्त्रच अडकतं' हे कागदावर ठीक. पण शेजारच्या खोलीत माणसाला काढलं की आपल्या खोलीतला आवाज आपोआप खाली येतो. कलम ८१२ तुमच्यावर लागू नसलं तरी तुमचा गाइड कोणता विषय घे म्हणतो, कोणता 'सध्या नको' म्हणतो, हे कुठल्याच कलमात नसतं. आणि नियम लिहून ठेवला म्हणून काय झालं? नोटीस देऊन मारलं तरी माणूस मरतोच. द्युप्वींचंच बघा, तीन वर्षं उत्तरं लिहून शेवटी हातात काय आलं, 'संदिग्धता'.

दुसरं, तुम्ही चर्चला वर आणि विद्यापीठाला खाली ठेवून गोष्ट सांगितली. उलटंही होतं. ल्यूव्हेनचंच फ्रेंच भावंड आहे, यूसीलूव्हेन, भाषेच्या भांडणात १९६८ला फुटून वेगळं झालेलं. तिथं २०१७ साली तत्त्वज्ञानाच्या एका शिक्षकानं गर्भपात म्हणजे खून असं वर्गासाठीच्या टिपणात लिहिलं. म्हणजे चर्चची जी भूमिका तीच, कडक शब्दांत. त्याला निलंबित केलं. कुणी? बिशपनं नव्हे, विद्यापीठानं. मला त्याचं म्हणणं अजिबात पटत नाही, पण कॅथलिक विद्यापीठात कॅथलिक मत मांडून घरी बसलेला माणूस तुमच्या तीन गोष्टींत कुठं बसवणार?

यार्डमास्तर

ताई, नाही बसत. तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळला होता, कारण माझ्या गोष्टीची घडी विस्कटते.

आवाज खाली येण्याबद्दल तर मी साक्षीदारच आहे. अँथनी डिमेलो नाव ऐकलं असेल. मुंबईचे जेझुइट, पुण्यात साधना संस्था सुरू केली, मग ती लोणावळ्याला गेली. सूफी, झेन, आपल्याकडच्या गोष्टी सांगत माणसाला जागं करायचे. ते १९८७ला अचानक गेले, मी पुढच्या वर्षी सेमिनरीत गेलो. त्यांच्या कॅसेट आम्ही रात्री दिवे गेल्यावर ऐकायचो. १९९८ साली, माणूस जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, रोमनं पत्रक काढलं की यांची काही मतं श्रद्धेशी विसंगत आहेत. मेलेल्या माणसाला कोण काढणार, त्याची तर खुर्चीच नव्हती. मी तेव्हा शेडमध्ये होतो. बातमी कळल्यावर पुण्यात शिकवणाऱ्या एका जुन्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "पुस्तकं लायब्ररीत आहेत अजून. पण आता कुणी वाचून दाखवत नाही." बस, एवढंच बदललं. ते तुमचंच म्हणणं झालं.

तरी एक सांगू? सप्टेंबर २०२४मध्ये पोप फ्रान्सिस बेल्जियमला गेले, ल्यूव्हेन विद्यापीठाला सहाशे वर्षं होत होती म्हणून. ल्यूव्हेनच्या रेक्टरनी, म्हणजे तिथल्या कुलगुरूंनी, समोर उभं राहून चर्चमधल्या स्त्रियांच्या जागेचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी तुमच्या त्या फ्रेंच भावंडाकडं पोपचं भाषण झालं, त्यात ते स्त्रियांबद्दल जे बोलले ते विद्यापीठाला रुचलं नाही, आणि भाषण संपून टाळ्या थांबतायत तोवर विद्यापीठानं नापसंतीचं पत्रक काढलं. पाहुणा अजून गावात होता हो. घरी मी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, आपल्या पॅरिशच्या मीटिंगमध्ये तुम्ही माईकच्या भाड्यावर तरी बोलून दाखवा.

निवृत्त गुरुजी, जळगाव

मी अर्थशास्त्राचा, त्यामुळे पोपच्या भानगडीत पडत नाही. पण यार्डमास्तरांनी १५ ऑगस्ट १९९० ही तारीख लिहिली आणि मी चष्मा पुसून परत वाचली. त्याच दिवशी आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जन्माला आलं, पुण्यातून फुटून. आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. पुण्याच्या खेपा वाचणार म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये भजी मागवली होती. तिकडं त्याच दिवशी रोममध्ये कोणी प्राध्यापकांची मर्यादा लिहीत होतं, हे आज कळलं.

मर्यादेवरून आठवलं. दोन हजारच्या आसपास मी इथल्या एका दैनिकात सहकारी सूतगिरण्यांच्या कर्जावर लेख लिहिला. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, आकडे सरकारी अहवालातले. चौथ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. अध्यक्ष होते, चहा होता. म्हणाले, "सर, लेख फार छान. आमच्या मेव्हण्यांनीही वाचला." मग जरा थांबून, "पुढच्या वर्षी तुमचा वर्कलोड बघावा लागेल असं दिसतंय. पोरं कमी झालीत ना अर्थशास्त्राला." मेव्हणे सूतगिरणीवर संचालक होते हे मला चहा संपल्यावर लक्षात आलं.

मेमो नाही, पत्र नाही, कलम नाही. वर्कलोड काही कमी झाला नाही, होणारही नव्हता. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्तमानपत्रात पर्जन्यमान आणि केळीच्या निर्यातीवर लिहिलं. त्यात कुणाचे मेव्हणे नसतात. (असतात, पण निर्यातीत त्यांची स्तुती करता येते.)

त्या करनबद्दल वाचताना मला त्याची दया आली नाही, काका, हेवा वाटला. रात्सिंगरच्या सहीचं पत्र! मला तसं एक मिळालं असतं तर फ्रेम करून हॉलमध्ये लावलं असतं. ताई म्हणतात ते खरं, नोटीस देऊन मारलं तरी माणूस मरतो. पण नोटीस घेऊन कोर्टात तरी जाता येतं. मी काय घेऊन जाणार होतो, चहाचा कप?

काळा कोट, धुळे

गुरुजी, कप घेऊन आले असतात तरी मी वकीलपत्र घेतलं असतं. फी मात्र आधी.

सावदेकर काका

मंडळी, सगळ्यांचे आभार. काल रात्री भाऊ, पुतणी आणि मी ओट्यावर बसून अख्खा धागा मोठ्यानं वाचला. आई ऐकत होती. यार्डमास्तरांचं 'बाटवाबाटवी नाही' हे वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि मग उठून झोपायला गेली.

तापीकाठ ताईंचा मुद्दा पुतणीला लागला. तिनं रात्रीच तिच्या होणाऱ्या गाइडना ईमेल टाकला, अगदी सरळ: माझा निष्कर्ष ईश्वर सिद्ध होत नाही असा निघाला तर विभागाला काही अडचण आहे का? मी म्हटलं अगं असं कुणी विचारतं का, अजून गेली नाहीस तू. सकाळी उत्तर आलं. बाईंनी लिहिलंय की तसा निष्कर्ष काढणारी तू इथली पहिली नाहीस, अडचण वेगळीच आहे: तुझं संस्कृत मूळ ग्रंथ वाचण्याइतकं चांगलं आहे का? भाषांतरावर विसंबून चालणार नाही, पहिल्या वर्षी त्याची परीक्षा होईल.

आता पोरीचा चेहरा उतरलाय. पोपला ती घाबरली नव्हती, संस्कृतला घाबरलीय. जायला अजून चार महिने आहेत. जळगाव किंवा भुसावळला न्यायदर्शनाचे ग्रंथ शिकवील असं कोणी शास्त्री माहीत आहे का? गुरुजी, तुमच्या ओळखीत? आठवड्यातून दोनदा सावद्याहून येणं जमेल, गाडीची वेळ मी बघतो.

आणि यार्डमास्तर, ती हुसर्लची कागदपत्रं बघून तुम्हाला फोटो पाठवायचं तिनं कबूल केलंय.